उत्तर समुद्र ओलांडणारी लहर

बसा रे सगळे जवळ. गोष्टीतल्या आटपाट नगराला नाव नसतं. आजच्या नगराला मात्र नाव आहे आणि ते नकाशात सापडतं. आयसेलस्टाइन. नेदरलँड्समधल्या, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशातल्या, युट्रेख्त शहराजवळचं हे लहानसं गाव. गावाबाहेर एक मनोरा आहे. त्याचे खालचे शंभर मीटर काँक्रीटचे आणि त्यावर चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला खांब. सगळा मिळून साडेतीनशे मीटरांहून उंच. देश सपाट, डोंगर औषधालाही नाही, त्यामुळे तो फार लांबून दिसतो. डिसेंबर आला की त्या ताणलेल्या तारांवर दिवे लावतात आणि अख्ख्या मनोऱ्याचं ख्रिसमसचं झाड करतात.

या मनोऱ्यावरून डच लोकांचा राष्ट्रीय रेडिओ डिजिटल रूपात निघतो. बातम्यांचं एनपीओ रेडिओ वन, पाश्चात्त्य अभिजात संगीताचं एनपीओ क्लासिक, आणखी कितीतरी स्टेशनं. ही सगळी एकाच गठ्ठ्यात बांधलेली असतात आणि एकाच वारंवारतेवर सुटतात. त्या गठ्ठ्याला तिकडे मल्टिप्लेक्स म्हणतात. वारंवारता २२७.३६ मेगाहर्ट्झ, आणि डिजिटल रेडिओच्या तक्त्यात तिच्या जागेचं नाव १२सी. सेकंदाला बावीस कोटी त्र्याहत्तर लाखांहून अधिक वेळा हेलकावणारी ही लहर, एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत सुमारे एक मीटर बत्तीस सेंटिमीटर लांबीची.

आजची गोष्ट त्या लहरीची.

मनोऱ्यावरून सुटली की ती सरळ रेषेत धावते. पण पृथ्वी गोल आहे ना! लहर सरळ आणि जमीन तिच्याखाली वळत गेलेली. त्यामुळे काही अंतरानंतर जमीन लहरीच्या खाली खाली जाऊ लागते. इतक्या उंच मनोऱ्याचं रेडिओच्या दृष्टीने असलेलं क्षितिज साधारण ऐंशी किलोमीटरांवर येतं. त्याच्या पलीकडे लहर जमिनीवरून वर उचलली जाते. आता पश्चिमेला चला. हॉलंडचा किनारा मागे पडला, उत्तर समुद्र लागला, आणि सुमारे दोनशे तीस किलोमीटरांवर इंग्लंडचं लोस्टॉफ्ट हे बंदर आलं. ब्रिटनमधलं सर्वांत पूर्वेकडचं गाव. हिशेब केला तर आयसेलस्टाइनची लहर नेहमीच्या दिवशी लोस्टॉफ्टच्या घरांवरून तेराशे-चौदाशे मीटर उंचीवरून निघून जाते. खाली कुणाच्या ओट्यावर रेडिओ चालू असेल, तर त्याला तिचा पत्ताही लागत नाही. समुद्रावर थोडीफार विखुरलेली ऊर्जा खाली पोचते, पण ती इतकी क्षीण असते की घरगुती संच तिच्यातून काही उभं करू शकत नाही.

आणि तरीही वर्षातून काही दिवस असे येतात, की लोस्टॉफ्टमधल्या स्वयंपाकघरातल्या त्याच संचाच्या यादीत डच नावं उमटतात. बटण दाबलं की डच बातम्या. आवाज स्वच्छ, खरखरीचा लवलेश नाही. निवेदिका शेजारच्या खोलीत बसली आहे असं वाटावं.

"मग त्या दिवशी मनोरा उंच होतो का, आबा?"

मनोरा तोच. संच तोच. ताकदही तेवढीच. बदललेली असते ती मधली हवा.

आता इथे जरा थांबू, कारण गोष्टीचा जीव इथे आहे. हवेतून जाताना प्रकाश आणि रेडिओलहर किंचित मंद होतात. किती मंद? दहा लाखांत साधारण तीनशे भाग. एवढासाच फरक. पण हा फरक सगळ्या उंचीवर सारखा नसतो. जमिनीजवळची हवा दाट आणि दमट, तिथे लहर जास्त मंद. वर हवा विरळ आणि कोरडी, तिथे ती थोडी वेगात. त्यामुळे आडव्या निघालेल्या लहरीचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा जरासा पुढे जातो आणि लहर हळूहळू खाली झुकते. हे रोजच घडतं. म्हणूनच रेडिओचं क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडं लांब असतं. मघाशी मी ऐंशी किलोमीटर म्हणालो, त्यात हा झुकाव धरलेला आहे. नुसत्या डोळ्यांचा हिशेब केला तर सत्तरही भरत नाहीत.

साधारण हवामानात दहा लाखांतले ते तीनशे भाग दर किलोमीटर उंचीमागे चाळीस-एक भागांनी कमी होतात. पण समजा ते किलोमीटरमागे एकशे सत्तावन्न भागांच्या गतीने घटू लागले, तर? तर लहरीचा बाक आणि पृथ्वीचा बाक नेमका एक होतो. लहर जमिनीला समांतर धावत राहते. पृथ्वी वळते, तीही वळते. आणि घट त्याहून तीव्र झाली, तर लहर वर निसटूच शकत नाही. थोडी वर गेली की वाकून खाली येते, समुद्राच्या पृष्ठभागावरून परत वर उसळते, पुन्हा वाकते. समुद्र आणि वरची हवा यांच्यामध्ये अडकून ती शेकडो किलोमीटर जाते. शास्त्रज्ञ या अडकवणाऱ्या थराला डक्ट म्हणतात. हा एकशे सत्तावन्नचा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. दहा लाखांना तिने भागा, उत्तर तेच येतं. मोठे झालात की स्वतः करून बघा, म्हणजे पटेल.

असा थर तयार कधी होतो? हवेचा दाब जास्त असतो तेव्हा. मोठं उच्चदाबाचं क्षेत्र समुद्रावर येऊन बसलं की वरची हवा सावकाश खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. हजार मीटर खाली आली तर सुमारे दहा अंश. ढग विरतात, वारा पडतो, आभाळ स्वच्छ होतं. पण समुद्राला लागून असलेली हवा थंड आणि ओलसरच राहते, कारण खाली पाणी थंड. म्हणजे खाली गारवा आणि ओल, वर ऊब आणि कोरडेपणा. एरवी वर जावं तसं थंड होत जातं. इथे ते उलटं झालं. म्हणून याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. दमटपणा आणि कोरडेपणा यांची ही सीमा जिथे तीव्र असते, तिथे लहर झपकन वाकते. नुसत्या तापमानापेक्षा पाण्याच्या वाफेचा हात यात मोठा असतो. म्हणून समुद्र या खेळाचं खरं अंगण.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तुम्ही मृगजळ पाहता ना? तिथे खालची हवा तापलेली आणि वरची थंड, म्हणून प्रकाश वर वाकतो आणि आभाळाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. इथली रचना त्याच्या उलट, म्हणून लहर खाली वाकते. दोन्हीकडे निसर्गाचा नियम एकच.

आपल्या १२सीच्या लहरीला मात्र कुठलाही पातळ थर चालत नाही. समुद्राच्या बाष्पामुळे पाण्यालगत दहा-वीस मीटरांचे थर जवळपास नेहमीच असतात. त्यांत जहाजांच्या रडारच्या बोटभर लांबीच्या लहरी अडकतात. सव्वा मीटरहून लांब लहरीला अडकवायचं तर शंभर-दीडशे मीटर जाडीचा थर हवा. तो फक्त निवांत, उच्चदाबाच्या हवेतच जमतो. तो जमला, की आयसेलस्टाइनची लहर उत्तर समुद्रावरून एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत लोस्टॉफ्टला पोचते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. थांबा. या चमत्काराचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ ब्रिटिशांनी एक रडार बसवलं होतं. समुद्रातली जहाजं आणि विमानं शोधायला. त्याची वारंवारता होती २०० मेगाहर्ट्झ. आजचा युरोपातला डिजिटल रेडिओ साधारण १७४ ते २४० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच पट्ट्यातली. पावसाळ्यापूर्वीच्या तापलेल्या महिन्यांत त्या रडारच्या पडद्यावर अशा खुणा दिसू लागल्या, ज्यांचा जवळपासच्या कुठल्याच जहाजाशी मेळ बसेना. त्या होत्या अरबस्तानच्या किनाऱ्यावरून परतलेल्या लहरी! हजार मैलांच्या पलीकडून. लक्षात घ्या, रडारची लहर जाऊन परत येते. म्हणजे एवढं अंतर तिने दोनदा कापलं. कोरडी, तापलेली वाळवंटी हवा अरबी समुद्राच्या दमट हवेवर पसरली होती आणि त्या दोन थरांच्या मधून लहर गेली आणि आली. मग मोसमी वारे आले. त्यांनी हवा ढवळून काढली, थर मोडले, आणि पडद्यावरचा अरबस्तान नाहीसा झाला. युद्धानंतर छापल्या गेलेल्या रडारविषयक ग्रंथांतून मुंबईचं हे उदाहरण अभ्यासकांपुढे आलं. मला तर हे वाचताना दरवेळी अंगावर शहारा येतो. आपल्या मॉन्सूनने स्वतःच्या येण्याची वर्दी एका पडद्यावर दिली होती.

चला, परत उत्तर समुद्रावर. लहर पोचली हे झालं अर्धं. पोचलेल्या लहरीतून आवाज कसा उभा राहतो, तेही ऐकण्यासारखं आहे.

जुन्या एफएममध्ये आवाजाचा हेलकावा थेट लहरीत घातलेला असतो. लहर क्षीण झाली की खरखर वाढते. वाढत वाढत शेवटी आवाज तिच्यात बुडतो, पण बुडेपर्यंत कान काहीतरी पकडत राहतो. डिजिटलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात. शून्य आणि एक. हे आकडे एका लहरीवर भराभर पाठवले असते तर घात झाला असता. कारण लहर इमारतींवरून, डोंगरांवरून आदळून अनेक वाटांनी पोचते. उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या आकड्यावर बसतो आणि दोघांचा गोंधळ होतो. देवळाच्या घुमटाखाली एकच जण भरभर पाढे म्हणू लागला तर घुमणाऱ्या आवाजात काही कळत नाही, तसं. तेच पाढे दीड हजार मुलांत वाटून दिले, आणि प्रत्येकाने आपला एकेक आकडा वेगळ्या सुरात, सावकाश, घुमणं विरेपर्यंत थांबून म्हटला, तर सगळे पाढे तेवढ्याच वेळात पोचतील आणि स्पष्ट कळतील. युरोपच्या अभियंत्यांनी हेच केलं. डॅब नावाच्या या पद्धतीत एका मल्टिप्लेक्सचे आकडे १५३६ उपवाहक लहरींवर वाटून दिलेले असतात. प्रत्येक उपवाहक सेकंदाला फक्त आठशेच्या आसपास वेळा बोलतो. दर वेळी बोलण्याआधी २४६ मायक्रोसेकंदांची राखीव जागा सोडलेली, म्हणजे तेवढ्या वेळात कितीही प्रतिध्वनी आले तरी बिघडत नाही. तेवढ्या अवधीत लहर चौऱ्याहत्तर किलोमीटर जाते.

या युक्तीचं काम १९८७ साली युरेका १४७ नावाच्या युरोपीय प्रकल्पात सुरू झालं. १ जून १९९५ ला नॉर्वेच्या एनआरकेने पहिलं नियमित डॅब प्रक्षेपण सुरू केलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बीबीसी आली. नॉर्वेने तर २०१७ मध्ये देशव्यापी स्टेशनांचं एफएम बंदच केलं. जानेवारीत उत्तरेकडच्या नूरलान्न परगण्यापासून सुरुवात झाली आणि डिसेंबरात काम पुरं झालं.

चौऱ्याहत्तर किलोमीटरांच्या त्या सवलतीमुळे आणखी एक सोय झाली. देशभरातले मनोरे एकाच वारंवारतेवर, एकाच तालात, तेच आकडे पाठवू शकतात. दोन मनोऱ्यांच्या लहरी एकमेकींना मारत नाहीत, उलट बळ देतात. हॉलंडचे १२सीचे मनोरे असे एका तालात बोलतात. गाडीतून देश ओलांडा, स्टेशन बदलावं लागत नाही.

आता लोस्टॉफ्टच्या संचात काय घडतं ते पाहू. संच आधी त्या गठ्ठ्यातली यादी वाचतो: मल्टिप्लेक्सचं नाव, देशाचा संकेत, आत कुठली स्टेशनं. ही यादी चुका सुधारणाऱ्या जादा आकड्यांनी आवाजापेक्षा जास्त भक्कम बांधलेली असते. म्हणून लहर काठावर असते तेव्हा एक गंमत घडते. नाव दिसतं आणि आवाज नाही! पडद्यावर डच स्टेशनाचं नाव ठळक, आणि संच मुका. लहर थोडी सबळ झाली की आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. आणखी थोडी सबळ झाली, की एकदम पूर्ण, निर्मळ आवाज. मधली अवस्था फार थोडी. एफएमसारखा हळूहळू उतार इथे नाही. इथे कडा आहे.

लांबची स्टेशनं शोधण्याचा छंद असलेली माणसं जगभर आहेत. त्यांना डीएक्सर म्हणतात. पूर्वी त्यांना स्टेशन ओळखण्यासाठी तासन्तास कान लावून बसावं लागे. निवेदक नाव घेईपर्यंत लहर विरली तर सगळ्यावर पाणी पडलं. ओळख पटली की त्या स्टेशनाला पत्र लिहायचं आणि पोचपावतीचं कार्ड मागवायचं. डिजिटलमध्ये नाव आपोआप येतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून पुढची गोष्टही येते. डॅबच्या प्रत्येक चौकटीच्या आरंभी, म्हणजे दर ९६ मिलिसेकंदांनी, क्षणभराची शांतता असते. जेमतेम १.३ मिलिसेकंद. त्या शांततेत प्रत्येक मनोरा आपल्याला नेमून दिलेल्या काही उपवाहकांवर खूण पाठवतो. ती खूण वाचली की नुसता देश नाही, तर नेमका कुठला मनोरा ऐकू येतोय ते कळतं. आणि हे वाचायला महागडं यंत्र लागत नाही. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली एक स्वस्त यूएसबी कांडी असते. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आलं, की तिच्यातून लहरींचे कच्चे आकडे थेट संगणकात घेता येतात. मग त्यांनी स्वतःच आज्ञावल्या लिहिल्या आणि फुकट वाटल्या. मला या माणसांचं फार कौतुक आहे. शाळकरी पोरगंही आज खाऊच्या पैशांतून आणलेल्या कांडीने दोनशे किलोमीटरांवरचा मनोरा ओळखू शकतं.

या समुद्रावरून आवाज मात्र डिजिटलच्या फार आधीही गेले होते, आणि फार वेगळ्या कारणासाठी.

१९४० च्या मे महिन्यात जर्मनीने हॉलंड घेतलं. राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. २८ जुलै १९४० ला बीबीसीच्या प्रक्षेपकांवरून रेडिओ ओरान्ये सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी राणी आपल्या लोकांशी बोलली. हॉलंडमध्ये हे ऐकणं गुन्हा होता. लोक तरीही ऐकत. १९४३ च्या मे महिन्यात जर्मन सत्तेने घरोघरचे संच जमा करण्याचा हुकूम काढला. कित्येकांनी ते जमिनीखाली, माळ्यावर, भिंतीत लपवले. एक आवाज ऐकायला माणसं केवढा धोका पत्करतात, याचा विचार केला की मन भरून येतं.

मग साठचं दशक आलं. दोन्ही किनाऱ्यांवरच्या तरुणांना नवी गाणी हवी होती आणि सरकारी रेडिओ ती पुरेशी वाजवत नव्हता. काहींनी जहाजं घेतली, डोलकाठीवर अँटेना चढवली आणि देशाचा कायदा जिथे संपतो त्या पाण्यात नांगर टाकला. १९६० मध्ये हॉलंडसमोर रेडिओ व्हेरोनिका, १९६४ मध्ये इंग्लंडच्या फेलिक्स्टोसमोर रेडिओ कॅरोलाइन. लोकांनी त्यांना चाचे म्हटलं आणि मनापासून ऐकलं. ब्रिटनने १९६७ मध्ये आणि हॉलंडने १९७४ मध्ये कायदे करून त्यांची रसद तोडली.

त्या काळी पाठवणाऱ्यालाच सीमा ओलांडायची होती. डॅबचं उलट आहे. त्याची आखणीच अशी, की प्रत्येक देशाने आपल्या हद्दीत राहावं. २००६ च्या जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेत शंभराहून जास्त देश बसले: युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया. कुणी कुठली वारंवारता कुठे वापरायची, याचा करार झाला. वारंवारता थोड्या, देश पुष्कळ, म्हणून तीच वारंवारता लांब अंतरावर दुसऱ्याला द्यावी लागते. आयसेलस्टाइनच्या १२सीवरच लंडनचं एक स्थानिक मल्टिप्लेक्सही चालतं. एरवी मध्ये समुद्र आहे, म्हणून भागतं.

आणि इथे मला त्या अभियंत्यांपुढे मान लववावीशी वाटते. कारण त्यांनी हवेला हिशेबात धरलं. त्यांच्या तक्त्यांत नुसतं नेहमीचं बळ नसतं, वर्षातल्या एक टक्का वेळात लहर किती बळाने पोचेल तेही असतं. जमिनीसाठी वेगळे आलेख, थंड समुद्रासाठी वेगळे, उबदार समुद्रासाठी वेगळे. इराणच्या आखातापासून ओमानच्या आखातापर्यंतच्या पाण्यासाठी तर आणखी वेगळा विभाग, कारण तिथे हे थर फारच प्रबळ असतात. मुंबईच्या रडारने जे पाहिलं, त्याच्या अगदी शेजारचं हे पाणी.

तरीही त्या एक टक्का वेळात त्रास व्हायचा तो होतोच. एसेक्सच्या किनाऱ्यावर कुणी लंडनचं स्टेशन ऐकत असतो आणि त्याच १२सीवर हॉलंड तितक्याच जोराने येऊन ठाकतं. तेव्हा दोन आवाज एकात मिसळून ऐकू येत नाहीत. आकड्यांचे दोन गठ्ठे एकमेकांवर पडतात, संचाला कुठलाच वाचता येत नाही, आणि शांतता पसरते. खुद्द हॉलंडमध्येही एक घोटाळा होतो. एकाच तालातला, पण चौऱ्याहत्तर किलोमीटरांच्या सवलतीपलीकडचा आपलाच लांबचा मनोरा थरातून जोरात पोचला, तर तोही शत्रू ठरतो. अशा हवेत ब्रिटनमध्ये लोकांना सांगितलं जातं की संच पुन्हा जुळवत बसू नका, हवा बदलेपर्यंत थांबा. सल्ला योग्य आहे. डीएक्सर मात्र नेमके तेव्हाच अँटेना घेऊन टेकडी गाठतात.

"आबा, आपल्याकडे आहे का हे डॅब?"

नाही. आकाशवाणीने डीआरएम नावाची दुसरी डिजिटल पद्धत घेतली. ती मध्यम लहरी आणि लघुलहरींवरही चालते. मध्यम लहरींवरचे तीसहून जास्त प्रक्षेपक तिच्यासाठी सज्ज केले गेले. लघुलहरींवरचं डीआरएम सीमा ओलांडतं ते ठरवून. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परतून ते महासागरांपलीकडे जातं. त्याची औपचारिक सुरुवात १६ जून २००३ ला जिनिव्हातच झाली. न्यूझीलंडचा रेडिओ रांगिताइकीच्या प्रक्षेपकावरून अशा डिजिटल लघुलहरींनी पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या स्टेशनांना कार्यक्रम पोचवतो आणि ती स्टेशनं ते एफएमवर पुन्हा लावतात. पण ती आयनांबराची गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. पुढच्या वेळी सांगेन.

आज मात्र एक काम देऊन ठेवतो, कारण आपला समुद्र उत्तर समुद्राहून कमी नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याआधीच्या दिवसांत एफएमवर कधी कधी आखाती देशांची स्टेशनं येतात. एफएमच्या लहरी तीन मीटर लांबीच्या, म्हणजे त्यांना अडकवायला थर आणखी जाड लागतो. आपल्या अरबी समुद्रावर तो एप्रिल-मेमध्ये तयार होतो. तेव्हा श्रीवर्धन, हर्णे, मालवण, काणकोण, जिथे कुठे सुट्टीला जाल तिथे साधा एफएम रेडिओ घेऊन किनाऱ्यावर जा. वारा पडलेली संध्याकाळ किंवा पहाट निवडा. अँटेना पुरी उघडा. आपल्या स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागांमधून ८८ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत सावकाश फिरा. अरबी बोलणं, अनोळखी गाणं, अजानचा सूर, जे काही ऐकू येईल त्याची वारंवारता, तारीख, वेळ आणि त्या दिवशीची हवा वहीत लिहून ठेवा. पाऊस सुरू झाला की पुन्हा त्याच जागी जाऊन पाहा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून मला दाखवा.